टॅकोमीटर नेमके काय मोजतो?

धावपट्टीवर जाण्याआधी छोटे विमान रनअपसाठी, म्हणजे इंजिनाच्या चाचणीसाठी थांबते. पायलट इंजिन 1,700 आरपीएमवर आणतो आणि मॅग्नेटोची किल्ली एका बाजूला वळवतो. इंजिन धडधडतच असते, पडद्यावरचा आरपीएमचा आकडा मात्र थेट शून्यावर! शिकाऊ पायलटचा जीव घाबरा होतो. बिघाड मात्र इंजिनात नसतो. लायकमिंग इंजिनाला ठिणगी देणारे दोन मॅग्नेटो असतात आणि प्रत्येकाची पी-लीड नावाची तार ग्राउंड झाली की तो बंद पडतो. पडदा वेग त्याच तारेवरून वाचत असेल, तर तो मॅग्नेटो बंद होताच वाचायला काही उरत नाही.

सेस्ना 172 च्या जुन्या पॅनेलवर इंजिनाकडून आलेली लवचीक केबल काटा फिरवी. केबल बिघडली की काटा थरथरे, मेकॅनिक काय ते समजे. गार्मिन किंवा डायनॉनचा डिजिटल पडदा मात्र तारेतून आलेले विजेचे ठोके मोजतो आणि सेटिंगमध्ये भरलेल्या संख्येने भागतो. ती संख्या चुकली तरी आकडा तितकाच ठाम दिसतो; मला त्याची भीती थरथरत्या काट्यापेक्षा जास्त वाटते. चार सिलिंडरचा लायकमिंग एका फेरीला दोन ठोके देतो, सहाचा तीन. चाराच्या इंजिनाला सहाचे सेटिंग राहिले तर 2,400 चे 1,600 दिसतात. चूक अशी ठरावीक पटीत असेल, तर पान्याला हात लावण्याआधी सेटिंग उघडावे.

आकडा उड्या मारू लागला की संशय तारांवर. रोटॅक्स 912 इंजिनात वेगासाठी वेगळी कॉइल असते. तिचा व्होल्टेज वेगाबरोबर वाढतो. मंद गतीला आकडा गायब आणि थ्रॉटल देताच स्थिर झाला, तर सैल जोड किंवा गंजलेला कनेक्टर शोधावा. वेग वाढल्यावरच उड्या सुरू झाल्या, तर बहुधा टॅकोची तार इग्निशनच्या तारांना चिकटून बांधलेली असते किंवा शील्डचे ग्राउंड सुटलेले असते.

खात्रीसाठी प्रॉपेलरवर ऑप्टिकल टॅको रोखतात. तोही फसवतो. 912 यूएलएसचा गिअरबॉक्स वेग 2.43 पटीने उतरवतो, म्हणून इंजिनाच्या 5,000 ला प्रॉपेलर 2,058 नेच फिरतो. पाती तीन आणि टॅको दोनावर लावलेला, तर उत्तर दीडपट. आपल्याकडे जुनी चोकवाली ट्यूबलाइटही कामी येते. 50 हर्ट्झच्या विजेवर ती सेकंदाला 100 वेळा लुकलुकते. त्या उजेडात दोन पात्यांचा प्रॉपेलर 1,500 ला चार पात्यांचा होऊन जागीच थबकल्यासारखा दिसतो.

पी-लीडवरून ठोके घेताना मॅग्नेटोजवळच रेझिस्टर बसवतात. नाहीतर टॅकोची तार घासून विमानाच्या धातूला टेकली, की मॅग्नेटोच बंद! पडदा बंद केलेल्या मॅग्नेटोवरून वेग वाचत नसेल, तर किल्ली वळवल्यावर आकडा सुमारे शंभराने उतरायला हवा. तो जराही हलला नाही तर खूश होऊ नये. पी-लीड तुटलेली असू शकते. मग किल्ली बंद असूनही मॅग्नेटो जिवंत राहतो आणि प्रॉपेलर हाताने फिरवणाऱ्याच्या अंगावर इंजिन सुरू होऊ शकते.