फ्यूज कुठे बसवायचा?

काही वर्षांपूर्वी ऐन श्रावणात आम्हाला कोल्हापूरहून गगनबावडामार्गे कोकणात उतरायचे होते. करूळ घाटात त्या दिवसांत धुके इतके दाट असते की पुढच्या वळणाचा कठडाही दिसत नाही. मोटारसायकलीचा मूळ दिवा पुरणार नाही, म्हणून आम्ही ५५ वॅटचे दोन हॅलोजन दिवे आणले आणि सुट्टीच्या दिवशी अंगणात बसून स्वतःच्या हाताने जोडले. सुरक्षिततेची काळजी म्हणून प्रत्येक दिव्याच्या मागे, दिव्यापासून चार बोटांवर, एकेक फ्यूजही बसवला. दिवे छान लागले. पदार्थविज्ञानातली पदवी सार्थकी लागल्यासारखे वाटले.

निघण्यापूर्वी गाडी नेहमीच्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी सीट उघडून बॅटरीवर आलेल्या नव्या लाल वायरवर बोट ठेवले आणि विचारले, ‘‘सर, हिचा फ्यूज कुठाय?’’ आम्ही ऐटीत पुढचे दोन फ्यूज दाखवले. ते म्हणाले, ‘‘ते दिव्यांचे झाले. ही वायर टाकीखालून गेलीय. हँडलच्या मानेपाशी घासली, तर काय कराल?’’

वर्गात वितळतार शिकवताना ‘उपकरणाचे रक्षण करते’ असे वाक्य आपण सगळेच सहज बोलून जातो. मिस्त्रींच्या प्रश्नाने आमचे ते वाक्य अर्धवट ठरले. मोटारसायकलीवर जादा दिवा, हॉर्न किंवा मोबाईल चार्ज करण्याचे सॉकेट जोडणारे विद्यार्थी बारावीच्या वर्गात हल्ली पुष्कळ असतात, म्हणून हे गणित एकदा फळ्यावर मांडून पाहू.

घरातल्या वायरिंगपेक्षा वाहनातले वायरिंग एका बाबतीत वेगळे असते. बॅटरीचे ऋण टोक गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जोडलेले असते आणि परतीची वाट म्हणून हा सांगाडाच वापरला जातो. त्यामुळे निम्मी वायर वाचते, हे खरे. पण याचा दुसरा अर्थ असा, की धन टोकाकडून निघालेली वायर ज्या ज्या लोखंडावरून जाते, ते सारे लोखंड म्हणजे बॅटरीचे दुसरे टोकच. दोघांच्या मध्ये असते ते फक्त अर्ध्या-पाऊण मिलिमीटर जाडीचे प्लॅस्टिकचे आवरण. हँडल दिवसातून शेकडो वेळा इकडेतिकडे वळते, इंजिन सतत थरथरते. हँडलची मान, टाकीच्या कडेचा पत्रा, सीटखालचा बोल्ट, अशा ठिकाणी ते आवरण हळूहळू झिजते. ज्या क्षणी आतले तांबे लोखंडाला टेकते, त्या क्षणी परिपथ पूर्ण होतो आणि दिवा त्यात नसतोच.

आता आकडे घेऊ. तांब्याची रोधकता १.७ × १०⁻⁸ ओहम-मीटर आहे. गॅरेजमध्ये सहज मिळणारी ०.५ चौरस मिलिमीटर छेदाची वायर घेतली, तर तिच्या १ मीटर लांबीचा रोध ०.०३४ ओहम येतो. बॅटरीपासून हँडलच्या मानेपर्यंत वळणे घेत गेलेली वायर २ मीटर धरू, म्हणजे ०.०६८ ओहम. बॅटरीचा अंतर्गत रोध आणि सांगाड्याशी झालेला स्पर्श यांचे मिळून ०.०२२ ओहम धरू. एकूण रोध ०.०९ ओहम. बॅटरी १२ व्होल्टची, तेव्हा ओहमच्या नियमाने विद्युतधारा सुमारे १३३ अँपिअर!

एवढ्या धारेने वायरमध्ये दर सेकंदाला किती उष्णता निर्माण होईल? धारेचा वर्ग गुणिले वायरचा रोध, म्हणजे सुमारे १२०० वॅट. घरातली कपड्यांची इस्त्री साधारण १००० वॅटची असते. तिच्यापेक्षा जास्त उष्णता इथे एका बारीक वायरमध्ये कोंडली जाते. या २ मीटर वायरमध्ये तांबे किती? तांब्याच्या घनतेवरून काढले तर जेमतेम ९ ग्रॅम. तांब्याची विशिष्ट उष्णता दर ग्रॅमला, दर अंशाला ०.३८५ ज्यूल, म्हणजे सगळे तांबे १ अंशाने तापायला ३.४ ज्यूल पुरतात. १२०० ला ३.४ ने भागा. वायरचे तापमान सेकंदाला साडेतीनशे अंशांच्या वेगाने चढू लागते. तापताना तांब्याचा रोध वाढतो, त्यामुळे प्रत्यक्षात वेग थोडा कमी पडेल. पण वायरवरचे प्लॅस्टिक शंभर अंशांच्या आसपासच हात टेकते. म्हणजे ब्रेक दाबायला आणि चावी बंद करायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात वायर लाल होऊन तिच्या शेजारच्या वायरचेही आवरण वितळलेले असते. शिवाय वायर बॅटरीवरून थेट घेतलेली असेल, तर चावी बंद करून काहीच उपयोग नाही. आणि या सगळ्याच्या वर एक वीत अंतरावर पेट्रोलची टाकी असते.

आमचे फ्यूज या वेळी काय करत होते? काहीच नाही. धारा त्यांच्यापर्यंत पोचलीच नसती. ती वाटेतूनच सांगाड्यात उतरली असती. फ्यूज जिथे बसवला आहे, त्याच्या पुढच्या भागाचेच तो रक्षण करतो. मागचा भाग उघडा राहतो. म्हणून तो बॅटरीच्या धन टोकाजवळ, जमेल तितका जवळ, एका वितीच्या आत हवा. मग तो वायरची राखण करतो. दिव्याची राखण होते ती ओघाने.

यातूनच फ्यूज किती अँपिअरचा हवा, याचेही उत्तर मिळते. तो उपकरणाच्या धारेपेक्षा मोठा, पण वायरला सोसवेल त्यापेक्षा लहान हवा. आमचे दोन दिवे मिळून ११० वॅटचे, म्हणजे ९.२ अँपिअर घेणारे. त्यांना १.५ चौरस मिलिमीटरची वायर आणि १५ अँपिअरचा फ्यूज. (हल्लीच्या पात्यांच्या फ्यूजांत हा निळ्या रंगाचा असतो, १० चा लाल, २० चा पिवळा, ३० चा हिरवा.) आम्ही वापरली होती ती अर्ध्या चौरस मिलिमीटरची वायर. तिच्यासाठी १५ चा फ्यूज मोठाच झाला असता. फ्यूज आपल्या आकड्यावर लगेच तुटतो, असेही नाही. दुप्पट धारेला तो काही सेकंद तग धरू शकतो. वर काढलेल्या १३३ अँपिअरला मात्र तो सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आतच तुटतो, आणि तोवर जाड वायर फारशी कोमटही झालेली नसते. तुटलेल्या फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा तांब्याची तार गुंडाळून ‘तात्पुरती’ सोय करणारे महाभाग वर्षानुवर्षे तशीच गाडी चालवतात. त्यांच्या गाडीत वायर हीच वितळतार असते.

इथे विद्यार्थी हमखास म्हणतो, ‘‘सर, माझा दिवा फक्त १० वॅटचा एलईडी आहे. त्याला कसली भीती?’’ वरचे गणित पुन्हा तपासून पाहावे. त्यात दिव्याचे वॅट कुठेही आलेले नाहीत. वायर घासल्यावर वाहणारी धारा बॅटरी आणि वायर ठरवतात, दिवा नव्हे. उलट दिवा लहान म्हणून वायर आणखी बारीक घेतली जाते आणि ती लवकर जळते. मोबाईलच्या चार्जरचेही तेच. आमच्या मते सगळ्यांत धोकादायक जोडणी तीच, कारण ती अगदी क्षुल्लक वाटते.

एलईडीचा खरा फायदा दुसरीकडे आहे. ५५ वॅटचा हॅलोजन जेवढा प्रकाश देतो, तेवढा चांगला एलईडी पंधरा-वीस वॅटमध्ये देतो. मोटारसायकलीचे जनित्र मोटारीच्या मानाने फार लहान असते. समजा, इंजिन चांगल्या वेगात असताना ते १५० वॅट देते. मूळ दिवा, मागचा दिवा, ठिणगी आणि पेट्रोलचा पंप मिळून त्यातले १०० वॅट खर्च होतात. एप्रिल २०१७ पासून भारतात नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन चालू असेपर्यंत आपोआप पेटताच राहतो, त्यामुळे दिवसाही ही बचत नाही. उरले ५० वॅट आणि आम्ही लावले ११० वॅट. ६० वॅटची, म्हणजे ५ अँपिअरची तूट बॅटरीने भरायची. ९ अँपिअर-तासाची बॅटरी तासाभरात निम्मी रिकामी होते. घाटात गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडत असेल आणि इंजिनाचे फेरे कमी असतील, तर जनित्र याहूनही कमी देते. घाट संपेल तेव्हा स्टार्टर फिरणार नाही.

मिस्त्रींनी दुसरी चूक दाखवली ती स्विचची. हँडलवरचा लहानसा स्विच आम्ही मुख्य धारेतच घातला होता. म्हणजे ९.२ अँपिअर बॅटरीकडून हँडलवर चढायचे आणि तिथून दिव्याकडे उतरायचे. वायरची लांबी ४ मीटर, रोध ०.१३६ ओहम. वाटेतच सव्वा व्होल्ट खर्च होतो. दिव्याला १२ ऐवजी पावणेअकरा व्होल्ट मिळतात. विभवांतर १० टक्क्यांनी घटले, तर प्रकाशही तेवढाच घटेल असे वाटते, पण हॅलोजन दिव्याचा प्रकाश विभवांतराच्या साधारण ३.४ व्या घाताच्या प्रमाणात बदलतो. गणित करा, सुमारे ३० टक्के प्रकाश नाहीसा होतो. दुकानदाराकडून विकत घेतलेला प्रकाश आम्ही वायर तापवायला वापरत होतो.

यावर उपाय म्हणजे रिले. रिले हा विद्युतचुंबकाचा उत्तम नमुना आहे आणि जुना रिले गॅरेजमध्ये मागितला तर फुकटही मिळतो. त्याचे वरचे प्लॅस्टिकचे टोपण काढून वर्गात अवश्य दाखवावा. त्यावर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे असतात. ८५ आणि ८६ ही आतल्या वेटोळ्याची दोन टोके. वेटोळ्याचा रोध ८० ओहमच्या आसपास, म्हणून धारा फक्त ०.१५ अँपिअर. हँडलवरच्या नाजूक स्विचमधून एवढीच धारा जाते. वेटोळे चुंबक बनते, लोखंडी पट्टी ‘टक्’ करून ओढली जाते आणि ३० व ८७ जोडले जातात. बॅटरीकडून फ्यूजमार्गे ३०, आणि ८७ पासून थेट दिव्याकडे. जाड वायरची लांबी दीड मीटर झाली की तिच्यात फक्त ०.१६ व्होल्ट खर्च होतो. वेटोळ्याची धारा मात्र चावी फिरवल्यावरच जिवंत होणाऱ्या वायरवरून घ्यावी, म्हणजे गाडी उभी असताना दिवे चुकून चालू राहत नाहीत. मोबाईलचे सॉकेटही असेच रिलेमागे असावे. बॅटरीवर थेट जोडलेले सॉकेट नुसते पडून २० मिलिअँपिअर घेत असेल, तर ९ अँपिअर-तासाची बॅटरी ४५० तासांत, म्हणजे १९ दिवसांत रिकामी. दिवाळीच्या सुट्टीनंतर गाडी का सुरू होत नाही, याचे कारण कधी कधी इतके साधे असते.

नव्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रक असतात. त्यांच्या वायरी सोलून तिथेच गाठ मारणे टाळावे. स्विच बंद होताना रिलेच्या वेटोळ्यातून क्षणभर शंभराहून अधिक व्होल्टचा झटका निघू शकतो. तो थोपवायला वेटोळ्याला समांतर, उलट दिशेने एक डायोड लावतात. काही रिलेंत तो आतच असतो. तेव्हा ८५ आणि ८६ ची अदलाबदल चालत नाही.

फ्यूजच्या जागेचा प्रयोग वर्गात करता येतो, पण वाहनाची बॅटरी किंवा मोबाईलचा घट त्यासाठी कदापि वापरू नये. टॉर्चचे दोन साधे घट, त्यांना चालेल असा लहान दिवा आणि रंगाच्या दुकानात मिळणारे स्टील वूल पुरते. स्टील वूलचा एकच बारीक धागा वितळतार म्हणून दिव्याजवळ जोडा. मग घट आणि धागा यांच्या मध्ये दोन्ही वायरी एखाद्या जाड तारेने क्षणभर जोडा. दिवा विझेल, धागा शाबूत राहील, वायर आणि घट तापू लागतील. तार दोन-तीन सेकंदांत काढून घ्यावी. आता धागा घटाजवळ आणा आणि तेच पुन्हा करा. धागा लाल होऊन तुटतो.

हा प्रयोग एकदा दाखवताना एका विद्यार्थिनीने विचारले, की फ्यूज ऋण बाजूला बसवला तर? दिव्यापासून सांगाड्याकडे जाणाऱ्या वायरवर बसवला तर तो निरुपयोगी, कारण घासलेली धन वायर सांगाड्याला त्याच्या आधीच गाठते. बॅटरीच्या ऋण टोकालाच बसवला तर तो काम करील. मात्र स्टार्टरची शंभरएक अँपिअर धाराही मग त्यातूनच जाणार, आणि पहिल्या बटणाला तो तुटणार.