बाण ॲल्युमिनियमचा घ्यावा की कार्बनचा?

२०२३ साली बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे जगज्जेते झाले, तेव्हापासून तिरंदाजी शिकणाऱ्या मुलांचे पालक हमखास विचारतात, बाण कोणता घ्यायचा?

सराव १८ मीटरवर असेल तर बिनधास्त ॲल्युमिनियम घ्या. बाणावर २३१५ लिहिलं असेल तर जाडी २३/६४ इंच आणि नळीची भिंत ०.०१५ इंच. जाड बाण रेषेला चटकन शिवतो आणि वरचा गुण पदरात पडतो. जागतिक नियमात ९.३ मिलिमीटरपर्यंत मुभा आहे. फक्त तो वाकतो. सपाट टेबलावर घरंगळवा, वाकलेला असेल तर डुगडुगतो.

५०-७० मीटरला मात्र कार्बनच. हलका, वेगवान, आणि बारीक असल्यानं वाऱ्यात कमी भरकटतो. पण हा तडकतो, आणि तडा दिसेलच असं नाही. म्हणून सरावाआधी प्रत्येक बाण दोन्ही टोकांना धरून, फिरवत फिरवत हलकासा वाकवून बघा. करकर ऐकू आली किंवा बोटाला तंतू टोचला, तर तो बाण बादच करा. सुटताना फुटला तर धनुष्य धरलेल्या हातात घुसतो! यात हयगय नको.

आणि कोणताही घ्या, त्याचा ताठपणा तुमच्या धनुष्याच्या ओढीशी जुळतो का, हे प्रशिक्षकांकडून आधी तपासून घ्या.