ढगळ टी-शर्टाचें कापड : वजन आणि वीण

धोतर विणणें व मोजे विणणें ह्या दोन्ही कामांस आपल्या मराठींत एकच क्रियापद आहे. त्यामुळें एक महत्त्वाचा भेद सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. मागावरच्या कापडांत ताणा व बाणा असे दोन निराळे धागे काटकोनांत एकमेकांच्या खालून-वरून जातात. मोजे, स्वेटर, बनियन ह्यांत मात्र धाग्याचे फास एकमेकांत ओंवलेले असतात. हें काम पूर्वीं हातींच होई. विल्यम ली नामक इंग्रज गृहस्थानें इ. स. १५८९ मध्यें मोजे विणण्याचें यंत्र रचलें, आणि आजचीं होजिअरीचीं यंत्रें त्याच कुळांतलीं होत. टी-शर्ट हा ह्या दुसऱ्या जातीचा कपडा आहे. त्याचे गुण व दोष त्या फासांत सांठविलेले असतात.

सांप्रत आमच्या विद्यार्थिवर्गांत ज्या ढगळ, बाह्यांची शिवण खांद्याच्या खालीं उतरलेल्या टी-शर्टांची आवड दिसते, त्यांस ओव्हरसाइझ्ड म्हणतात. "थोरल्या भावाचा कां घातलास?" असें घरोघर विचारलें जात असेलच! तो वाद आम्ही बाजूस ठेवतों. पण ह्या कपड्यास दाम थोडे पडत नाहींत, आणि एकाच किंमतीच्या दोहोंपैकीं एक दोन वर्षें चांगला राहतो तर दुसऱ्याचा गळा चार धुण्यांतच लोंबूं लागतो. असें कां व्हावें, हें मुलांनीं व पालकांनींही समजून घेतलेलें बरें.

प्रथम वजन. चिठ्ठीवर '२४० जीएसएम' असें छापलेलें असतें, त्याचा अर्थ इतकाच कीं, त्या कापडाचा एक चौरस मीटर तुकडा २४० ग्रॅम भरतो. अंगाबरोबर बसणारा साधा टी-शर्ट बहुधा १४० ते १८० चा असतो. ढगळ टी-शर्टासाठीं २०० च्या वरचें कापड पसंत करतात. अंगाबरोबर बसणाऱ्या कपड्यास शरीराचा आधार मिळतो. ढगळ कपडा नुसता खांद्यांवरून लोंबतो व आपला आकार त्यास आपणच राखावा लागतो. पातळ कापड अंगाला चिकटतें आणि काखेखालीं त्याच्या चुण्या गोळा होतात. भरदार कापड अंगापासून जरा दूर उभें राहतें.

परंतु वजन म्हणजे गुण नव्हे, आणि पुष्कळांची फसगत येथेंच होते. तेंच २०० ग्रॅम दोन मार्गांनीं भरतां येतें: बेताचें सूत दाट विणून, अथवा जाडेंभरडें सूत सैल विणून. पहिलें कापड आकार धरतें. दुसऱ्यांतील फासांना हलावयास जागा असल्यामुळें तें ओढलें कीं सैलावतें आणि धुतलें कीं अधिक आटतें. सुताचा बारीकपणा काउंटानें मोजतात. काउंट जितका मोठा तितकें सूत बारीक. सूत विंचरलेलें, म्हणजे आंखूड तंतू काढून टाकलेलें असेल, तर त्यावर गोळे कमी धरतात.

येथें गणिताची एक गंमत सांगतों. २०० चें कापड धुतल्यावर लांबी-रुंदींत शेंकडा ५ आटलें, तर त्याचें चौरस मीटरचें वजन सुमारें २२२ होतें. कापूस मात्र गुंजभरही वाढलेला नसतो! म्हणून तमिळनाडूंतील तिरुपूर ह्या होजिअरीच्या शहरांत चांगले कारखानदार कापड शिवण्यापूर्वींच वाफेनें व दाबानें आटवून घेतात. हें न केल्यास ७२ सेंटिमीटर लांबीचा टी-शर्ट पहिल्याच धुण्यांत साडेतीन सेंटिमीटर आंखूड होऊं शकतो.

आतां वीण. ज्यांची आई किंवा आजी दोन सुयांवर विणते, त्यांस सुलट व उलट टांके ठाऊक असतीलच. टी-शर्टाच्या नेहमींच्या कापडास सिंगल जर्सी म्हणतात. त्याची दर्शनी बाजू सगळी सुलट व आंतली सगळी उलट असते. हें मऊ असतें, पण ह्याची कापलेली कड गुंडाळते, आणि धाग्याचा पीळ उलगडूं पाहत असल्यामुळें फास तिरके होतात. धुतल्यानंतर बगलेची शिवण पोटावर आलेली आपण पाहतों, ती ह्यामुळें. इंटरलॉक दोन्हीं बाजूंनीं सारखें दिसतें व कमी ताणतें. टेरींत आंतल्या अंगास टॉवेलासारखे बारीक फास असतात. ती भरदार खरी, परंतु मुंबई-कोंकणच्या उकाड्यांत ती अंगावर वागविणें आम्हांस तरी शिक्षाच वाटते, आणि पावसाळ्यांत ती लवकर वाळत नाहीं. आमच्या मतें इकडील हवेस २०० च्या आसपासची दाट जर्सी पुरे.

गळ्याची पट्टी एक सुलट, एक उलट अशा रिब विणीची असते. ताणून सोडली कीं ती पूर्ववत् मिटते. ढगळ टी-शर्टांत कापड अधिक, म्हणून गळ्यावरचा भारही अधिक. जड कापडास पातळ पट्टी लावलेली असेल तर तो सौदा वाईट. खरेदीच्या वेळीं पट्टी हलकेच ताणून पाहावी, कापड उजेडासमोर धरावें आणि मागील गळ्याच्या शिवणीवर आंतून फीत शिवली आहे कीं नाहीं हें तपासावें.

विद्यार्थ्यांस करण्याजोगा एक प्रयोग आहे. फाटक्या टी-शर्टाचा २० सेंटिमीटर लांब व २५ सेंटिमीटर रुंद तुकडा कापा, प्रयोगशाळेच्या तराजूवर तोला व येणाऱ्या ग्रॅमांस २० नें गुणा. तुकडा १२ ग्रॅम भरला तर कापड २४० चें. हाच तुकडा एकदां पाण्यांत बुडवून पिळून पुन्हां तोलावा, म्हणजे ओला टी-शर्ट खांद्यांना धरून टांगल्यास गळा कां ताणतो तें दिसेल. तो दोरीवर मधोमध दुमडून वाळत घालावा.