समुद्रावरचा नवा कर

किनाऱ्यावरच्या माणसाने समुद्राचे घागरभर पाणी घरी आणावे, ते आटवावे आणि उरलेले मीठ स्वयंपाकाला वापरावे, ही गोष्ट आज अगदी क्षुल्लक वाटेल. ब्रिटिश अमदानीत मात्र तो गुन्हा होता. १९३० साली दांडीला आणि पाठोपाठ कोकणात शिरोड्याला सत्याग्रह झाला, तो याच अन्यायाविरुद्ध. १९३१ च्या गांधी-आयर्विन कराराने किनाऱ्यालगतच्या खेड्यांना घरगुती वापरापुरते मीठ करण्याची मुभा मिळाली. १९४७ मध्ये मिठावरचा करही गेला.

हवा आणि सूर्यप्रकाश यांच्याप्रमाणे समुद्राचे पाणीही अर्थशास्त्राच्या व्याख्येनुसार विनामूल्य वस्तू ठरते. त्यापासून घरी केलेले मीठ मात्र फुकट पडत नाही. एका लिटरात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे किलोभर मिठासाठी जवळजवळ ३० लिटर पाणी आटवावे लागते, आणि घरच्या शेगडीवर त्यासाठी दोन-अडीच किलो तरी गॅस जळेल. मिठागरात हे काम सूर्यच करतो, म्हणून बाजारातील मीठ स्वस्त. काटकसरी गृहिणी यावरही तोड काढील. एक भाग समुद्राचे पाणी तीन भाग गोड्या पाण्यात मिसळून त्यात ती बटाटे वा मासे शिजवील. हिशेबाला ही तोड उतरते. अट एवढीच, की पाणी स्वच्छ हवे.

खरी अडचण तेथेच आहे. मोठ्या शहरांचे बरेचसे सांडपाणी आजही पुरेशा प्रक्रियेवाचून समुद्रास मिळते. पाणी उकळल्याने जंतू मरतात. पण कारखान्यांतून आलेले शिसे वा कॅडमियम नाहीसे होत नाही. उलट पाणी आटेल तसतसे त्याचे प्रमाण वाढत जाते.

बाजारातील आयोडीनयुक्त मीठ आरोग्याला अधिक हितकर आहे, हे मान्यच केले पाहिजे. परंतु प्रश्न केवळ मिठाचा नाही. सांडपाणी तसेच सोडून देणारा शुद्धीकरणाचा आपला खर्च वाचवतो आणि तो किनाऱ्यावरच्या कोळ्याच्या माथी मारतो. परकीय सरकारचा कर निदान कायद्यात लिहिलेला होता. त्याविरुद्ध लढता आले. हा नवा कर कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. जो पाणी घाण करतो, त्याच्याकडूनच शुद्धीकरणाचा खर्च वसूल होईल, तेव्हाच तो उठेल. तोवर १९३१ साली मिळालेला हक्क कागदावरच राहणार.