प्रकृती म्हणजे तब्येत नव्हे

‘प्रकृती कशी आहे?’ असं आपण विचारतो, तेव्हा चौकशी तब्येतीची असते. आयुर्वेदात मात्र प्रकृती म्हणजे गर्भधारणेच्या वेळीच ठरणारी, जन्मभर सोबत राहणारी शरीराची घडण. वात, पित्त, कफ या तीन दोषांच्या कमीअधिक प्रमाणावरून तिचे सात प्रकार मानतात. बहुतेक माणसं दोन दोषांच्या मिश्रणाची, म्हणजे द्वंद्वज. एकाच पंगतीतलं दही एकाला मानवतं, दुसऱ्याला बाधतं, त्याचं उत्तर हे शास्त्र इथे शोधतं. २०१५ साली हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांच्या अभ्यासात २६२ पुरुषांची जनुकीय तपासणी झाली. पित्तप्रकृतीशी पीजीएम१ या जनुकाचा संबंध दिसला. नमुना लहान, पण दिशा मोलाची वाटते. मोबाइलवरच्या दहा प्रश्नांवरून मात्र प्रकृती ठरवू नका. वैद्यांना भूक, झोप, त्वचा, नाडी सारं सावकाश पाहू द्या.