पेन्शनचा शुक्रवार

पोस्ट उघडायला अजून दहा मिनिटं आहेत आणि रांग कोपऱ्यावरच्या खाटकाच्या दुकानापर्यंत गेली आहे. पाऊस म्हणावा असा पाऊस नाही. हवेतच पाणी आहे. ते चष्म्यावर, टोपीच्या कडेवर, भुवयांवर जमत राहतं. छत्री कोणाकडे नाही. माझ्याकडे आहे, म्हणून मी बाहेरचा हे लांबूनच कळतं. मी ती मिटतो.

"मऊ दिवस आहे," पुढचे आजोबा मान न वळवता म्हणतात. अशा हवेला इथे सॉफ्ट डे म्हणतात. त्यांच्या पुढच्या बाई हुंकार भरतात. पुन्हा शांतता.

हे लीट्रिम. आयर्लंडच्या वायव्येकडचा परगणा, शॅनन नदीच्या वरच्या अंगाला. जमीन चिकणमातीची, पाणी धरून बसणारी. शेतांत गवताइतकेच लव्हाळे. लीट्रिमची जमीन एकरावर नाही, गॅलनवर विकतात, ही शेजारच्या परगण्यांची जुनी थट्टा. माझी लेक स्लायगोला नर्स आहे. तिथलं भाडं झेपत नाही म्हणून इथे राहते आणि रोज तासभर गाडी चालवते. मी तिच्याकडे तीन महिन्यांसाठी आलोय. आज एक पाकीट पुण्याला पाठवायचं आहे, एवढंच माझं काम. पण शुक्रवार हा पेन्शनचा वार, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

दार उघडतं. आत ओल्या लोकरीचा आणि टर्फच्या धुराचा वास. टर्फ म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेली माती. ती शेगडीत जळते आणि कोटांना चिकटून राहते. दोन खिडक्या, चालू एकच. काचेमागच्या बाई प्रत्येकाला नावाने हाक मारतात, गुडघ्याची चौकशी करतात, मग नोटा दोनदा मोजतात. 2025 साली पूर्ण पेन्शन आठवड्याला 289 युरो 30 सेंट. मी मनात रुपये करून पाहतो आणि थक्क होतो. ही सवय इथे सोडावी लागते. पुढच्या बाई त्याच काउंटरवर विजेचं बिल भरतात आणि हातातल्या नोटा निम्म्याहून कमी होतात. वरची 30 सेंटची नाणी त्या पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात टाकतात.

अर्थसंकल्प मंगळवारी झाला. पेन्शनला जानेवारीपासून दहा युरो वाढ. आजोबा बोटांवर मोजतात: 2017 ला पाच, 2018 ला पाच, 2019 ला पाच, मग दोन वर्षं काहीच नाही, अलीकडे बारा, आता दहा. 'फायव्हर', म्हणजे पाचाची नोट, हा शब्द ते शिवीसारखा उच्चारतात. मग माझ्याकडे वळतात.

"तुम्ही भारतातले ना? आमच्या एका टीशकचे वडील तुमच्याकडचेच."

टीशक म्हणजे इथला पंतप्रधान. मी उत्साहाने सांगू लागतो: मालवण तालुक्यातलं वराड गाव, तिथला एक मुलगा डॉक्टर होतो, इंग्लंडमार्गे इकडे येतो, त्याचा मुलगा दोनदा देशाचा पंतप्रधान होतो. आजोबा शेवटपर्यंत ऐकून घेतात.

"त्यानेही पाचच दिले," म्हणतात.

नऊ वाजून गेलेत. काचेमागच्या बाई रेडिओ मोठा करतात. स्थानिक केंद्रावर निधनवार्ता. सगळी रांग गप्प होते, नाणी मोजणंही थांबतं. गावातल्या जुन्या शिक्षिका. वय नव्वदीच्या पुढे. एक मुलगा पर्थला, एक मुलगी टोरंटोत, धाकटा इथेच. अंत्यदर्शन संध्याकाळी पाच ते सात. दोघीतिघी छातीवर क्रुसाची खूण करतात. कोणीतरी म्हणतं, "मला बेरीज त्यांनीच शिकवली." "संध्याकाळी भेटू," हे वाक्य त्यानंतर दिवसभर माझ्या कानावर पडत राहतं.

मुख्य रस्ता चालून संपायला सात मिनिटं लागतात. औषधांचं दुकान, बेटिंगचं दुकान, तुर्की न्हावी, दोन पब. तिसऱ्याची पाटी आहे, पब नाही. 2005 पासून देशातले दोन हजारांवर पब बंद झाले. पुढे एक बेकरी दिसते, खिडकीत पाव आणि केक. जवळ गेल्यावर कळतं, ते फळीवर रंगवलेलं चित्र आहे. रिकामी दुकानं डोळ्यांना खुपू नयेत म्हणून. चित्राखाली मात्र खऱ्या कुंड्या आहेत, खरी जिरेनियमची फुलं. पिवळं जॅकेट घातलेले दोन निवृत्त गृहस्थ गुडघे टेकून फुटपाथच्या फटींतलं गवत काढताहेत. नीटनेटक्या गावांची राष्ट्रीय स्पर्धा इथे 1958 पासून चालते. यंदाचं परीक्षण केव्हाच होऊन गेलं. तरीही गवत काढताहेत.

गावातली सर्वांत देखणी इमारत बँकेची. चुनखडीचा घडीव दगड, उंच दार, पाच पायऱ्या. दाराला साखळी. 2021 मध्ये एका मोठ्या बँकेने एका फटक्यात देशातल्या 88 शाखा बंद केल्या, पुढच्या दोन वर्षांत आणखी दोन बँका देशच सोडून गेल्या. भिंतीत पैसे काढायचं यंत्र होतं, तिथे आता सिमेंटचा चौकोन आहे. रंग दगडाशी जुळलेला नाही. उरली आहे ती क्रेडिट युनियन, आपल्या पतसंस्थेच्या जातीची. छप्पर गळतं, गाडी बंद पडते, शाळेचे गणवेश घ्यायचे असतात, तेव्हा लोक तिथे जातात.

सुपरमार्केटच्या दाराशी दुसरी रांग. इथे सगळ्यांच्या हातात काळ्या पिशव्या. भिंतीतल्या यंत्राला गोल तोंड आहे. त्यात रिकामा कॅन सरकवायचा, आतून कडकड आवाज येतो, पडद्यावर आकडा चढतो. फेब्रुवारी 2024 पासून हे सुरू झालं. लहान बाटलीला किंवा कॅनला 15 सेंट, अर्ध्या लिटरवरच्याला 25. हे पैसे विकत घेताना आधीच कापलेले असतात. म्हणजे मिळतं ते आपलंच. तरी एक दहा-बारा वर्षांचा मुलगा जिंकल्यासारखा मूठ आवळतो. त्याच्या मागच्या बाईंचा एक चेपलेला कॅन यंत्र परत बाहेर ढकलतं. त्या तो हाताने सरळ करतात, पुन्हा घालतात. पुन्हा बाहेर. तिसऱ्यांदा यंत्रच थांबतं. भरलं. रांग एकसुरात उसासा टाकते आणि कोणीही जागा सोडत नाही. आतून एक पोऱ्या किल्ली घेऊन येतो.

आत एक बाई ढकलगाडीत दहा पाव, हॅमची पाकिटं आणि लोण्याचे पुडे रचताहेत. संध्याकाळचे सँडविच. पैसे कोण देतंय हे काउंटरवर विचारलं जात नाही.

दुपारी भूक लागते. खायची खरी जागा पेट्रोल पंपावर आहे. पंपाच्या दुकानात गरम काउंटर, त्यावर चिकन फिले रोलसाठी रांग. चुन्याने पांढरे झालेले बूट, सुतार, प्लंबर, दुधाच्या टँकरचा ड्रायव्हर. रोल बांधणारी मुलगी ब्राझीलची. तिचे उच्चार आता पक्के लीट्रिमचे आहेत. वर रेडिओ चालू आहे आणि त्यावर आकडे पडताहेत. कंपन्यांच्या करातून 2024 मध्ये सरकारला मिळालेले 28 अब्ज युरो. त्यातले निम्म्याहून जास्त दहाच कंपन्यांकडून. शिवाय युरोपीय न्यायालयाच्या निकालाने एका अमेरिकन कंपनीकडून आलेले व्याजासकट 14 अब्ज, वेगळे. देशाला शिल्लक ठेवायला जागा पुरत नाही, असा एकूण सूर. 2015 मध्ये तर कागदावर देशाचं सकल उत्पादन एका वर्षात 26 टक्क्यांनी वाढलं होतं. अर्थतज्ज्ञ तेव्हा हसले होते. कंपन्यांची कागदपत्रं इकडे आली होती. लीट्रिममध्ये त्या वर्षी जादा काही उगवलं नव्हतं.

"अब्ज," शेजारचा तरुण सुतार रोलचा कागद सोलत म्हणतो, तोंड भरलेलं. "चांगलंय."

तो सत्तावीस वर्षांचा आहे. दुसऱ्यांची घरं बांधतो आणि स्वतः आईवडिलांकडे, शाळेत असतानाच्याच खोलीत झोपतो. 2022 च्या जनगणनेत आईवडिलांच्या घरी राहणारे अठरावरचे सव्वापाच लाख निघाले, देशाची लोकसंख्या 51 लाख असताना. त्याच्या पगाराच्या पावतीवर एक सामाजिक आकार कापलेला असतो. 2008 मध्ये बँका बुडाल्या, त्यांना वाचवायला 64 अब्ज ओतावे लागले, 2010 मध्ये देशालाच बाहेरून कर्ज घ्यावं लागलं, त्या पडझडीत 2011 साली हा कर आला. संकट टळेपर्यंतच असेल, अशी लोकांची समजूत होती. तेव्हा हा सुतार तेरा वर्षांचा होता. फेब्रुवारीत तो सिडनीला जातोय. तिकीट काढलंय. आईला सांगितलं का, असं मी विचारत नाही. तोच सांगतो, "ख्रिसमसनंतर सांगणार."

गावामागच्या टेकाडावर एक वसाहत आहे. दोन रांगा पूर्ण घरं, पडदे, ट्रॅम्पोलीन, कुत्री. तिसऱ्या रांगेपाशी डांबर संपतं. पुढे नुसते काँक्रीटचे ओटे, त्यांतून वर आलेली गंजकी सळई, गुडघाभर उंच मॅनहोलची झाकणं. ज्या पातळीवर रस्ता येणार होता तिथे ती अजून वाट पाहताहेत. एक करडा घोडा चरतोय.

1996 मध्ये लीट्रिमची लोकसंख्या 25,057 वर आली होती, आजवरची सर्वांत कमी. माणसं परत यावीत म्हणून 1998 मध्ये करसवलत आली: इथे घर बांधा, कर वाचवा. शहरातल्यांनी बांधली. राहायला कोणी आलं नाही, कारण राहण्यासाठी बांधलीच नव्हती. 2010 च्या पाहणीत अशा अर्धवट वसाहती देशभर 2,800 हून जास्त मोजल्या गेल्या. पुष्कळ नंतर पुऱ्या केल्या किंवा पाडल्या. तरीही 2022 मध्ये देशात 1,66,752 घरं रिकामी होती आणि 2025 मध्ये सरकारी तात्पुरत्या निवाऱ्यात पंधरा हजारांवर माणसं. दोन्ही आकडे एकाच देशाचे.

टेकाडावरून शेतं दिसतात. बांधांच्या मध्ये बिनछपराच्या दगडी भिंती, त्यांतून उगवलेली झाडं. ती घरं मात्र फार जुनी. बटाट्यावर रोग पडून दुष्काळ येण्याआधी, 1841 मध्ये, या एका परगण्यात 1,55,297 माणसं होती. 2022 मध्ये 35,199. अलीकडे आकडा चढतोय, हेही खरं; त्यात माझी लेक धरलेली आहे. 2022 च्या मोजणीत देशात 45 हजारांवर भारतीय नागरिक निघाले.

साडेचारला मैदानावर दिवे लागतात. गेलिक फुटबॉलच्या सरावाला पोरं जमली आहेत, चिखलाने रंग हरवलेल्या जर्सीत. शिकवणारे दोघे दिवसा शिक्षक आणि गवंडी. इथे कोणाला पैसे मिळत नाहीत, मोठ्या संघातल्या खेळाडूंनाही नाही. कुंपणापाशी एक मावशी क्लबच्या लॉटरीची तिकिटं विकताहेत, दोन युरोला एक. त्यांचा मुलगा पंधरा जणांच्या संघात होता. तोही सिडनीत, आणि त्याच्यासोबत संघातले आणखी चार. "तिथे आमचा संघ चांगला आहे," मावशी म्हणतात. मी तिकीट घेतो.

सराव अर्ध्या तासातच आटोपतो. मोठी माणसं पिवळी जॅकेटं चढवून चर्चच्या वाटेला लागतात. कोणी सांगितलेलं नसतं. ती चौकात उभी राहून टॉर्चने गाड्या वळवतात. ट्रॅक्टरही वळवतात.

दिवसातली सर्वांत लांब रांग ही. अंत्यदर्शनाच्या खोलीपासून फुटपाथने, रंगवलेल्या बेकरीवरून, बँकेच्या पायऱ्यांपर्यंत. पोस्टातले आजोबा आहेत, डोकं भिजलेलं, टोपी हातात. सुतार आहे, केस विंचरलेले. रोल बांधणारी मुलगी आहे. लेक ड्यूटीवरून थेट आलीय, कोटाखाली गणवेश. तिच्या आधीच्या नर्सिंग होममध्ये या बाई दोन वर्षं होत्या. सकाळी पाच युरोंवरून चिडलेली हीच माणसं आता हळू आवाजात गुरांचा भाव, गुडघे आणि रविवारचा सामना बोलताहेत. बाजूच्या सभागृहातून चहाची मोठी किटली येते. ते दहा पाव मला त्रिकोणी होऊन भेटतात.

आत गेल्यावर घरच्यांशी हात मिळवायचा आणि 'तुमच्या दुःखात आहोत' अशा अर्थाचं एकच ठरलेलं वाक्य म्हणायचं, लेक मला कानात शिकवते. मी दोनदा पुटपुटून पाहतो. मऊ पाऊस चालूच आहे. सातची वेळ टळून गेली आहे, दार उघडंच आहे आणि आमच्यापुढे अजून साठेक माणसं आहेत.