एकाच पेशीवर नेम

आमच्या कल्याणात कर्करोगावरच्या किरणोपचाराला ‘लाईट घेणं’ म्हणतात. माझी थोरली आपा रोज सकाळी लोकलने परळला जाऊन लाईट घ्यायची, तेव्हा घरातल्याच काहींनी तिचा पेला वेगळा ठेवला होता. यंत्राने बाहेरून दिलेले किरण अंगात साठत नाहीत. यंत्र थांबलं की संपलं. शेजारी बसणाऱ्याला काही होत नाही. (किरणोत्सारी औषध पोटातून देतात, त्याचे नियम वेगळे, ते डॉक्टर सांगतात.)

पेशींचा शेजार मात्र निराळा. 1992 मध्ये नागासावा आणि लिटल या संशोधकांनी पेशींवर अल्फा कणांचा अगदी विरळ मारा केला. शंभरात एकीच्याही केंद्रकाला कण लागला नसेल, पण गुणसूत्रांतले बदल दिसले तीसेक पेशींत! न लागलेल्यांना काय झालं? तो मारा लग्नातल्या अक्षतांसारखा होता. कुणाच्या डोक्यावर किती पडल्या, कोण मोजणार?

मोजायचं तर नेम हवा. शिकागोत झर्कल आणि ब्लूम यांनी 1953 मध्येच प्रोटॉनांची बारीक शलाका पेशीच्या ठरावीक भागावर सोडली होती. पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात हे काम संगणकाकडे आलं. पेशी रंगवून पातळ तळाच्या बशीत ठेवायच्या. कॅमेरा प्रत्येक केंद्रकाची जागा टिपतो, बशी सरकून ती पेशी शलाकेवर येते, ठरलेले कण मोजून झाले की झडप बंद. पेशी किती मोठी? मिलिमीटरचा पन्नासावा-शंभरावा भाग. आमच्या लोकलमध्ये दाराशी उभ्या माणसालाही इतकी नेमकी जागा मिळत नाही.

2000 साली तिथे दर पाच पेशींपैकी एकीवर बरोबर वीस अल्फा कण सोडले. इतके कण लागलेली पेशी बहुधा मरतेच. तरी जनुकीय बदल झालेल्या पेशी अपेक्षेच्या तिप्पट निघाल्या. म्हणजे बदल शेजारणींत झाला होता.

हे सगळं बशीतलं. शरीरात किती घडतं यावर अजून वाद आहे. खारघरला 2023 पासून प्रोटॉन उपचार सुरू झाले, तिथला नेमही गाठीवर असतो, एकेका पेशीवर नव्हे. पण घरातल्या रेडॉन वायूसारख्या थोड्या किरणोत्साराचा धोका मोजताना फक्त लागलेल्या पेशी मोजून भागेल का, हा प्रश्न या प्रयोगांनी उभा केला.

निरोप जातो कसा? लगतच्या पेशींत बारीक वाटा असतात. लिंडेन, आपल्याकडे शेतात फवारायचे तेच, या वाटा बुजवतं. ते घातल्यावर शेजारणींतला बदल बराच घटला. दुसऱ्या काही प्रयोगांत मात्र मारा झालेल्या पेशींभोवतालचं नुसतं द्रव दुसऱ्या बशीत ओतलं, तरी तिथल्या पेशींवर परिणाम दिसला.